चूप लाईन

सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीचं पत्र येऊन आज नऊ दिवस झाले. पत्र म्हणजे ई-मेलच, पण मी ते छापून घेतलं आणि टेबलावर पेपरवेटखाली ठेवलं. कागदावरची गोष्ट मला जास्त खरी वाटते. आमचं यंत्र आता जुनं झालं आहे, महिनाअखेरीस ते बंद करून काढून घेतलं जाईल, नव्या यंत्रासाठी सोबतचा फॉर्म भरून पाठवावा, असं त्यात लिहिलं आहे. फॉर्मवर दोनच रकाने महत्त्वाचे आहेत. प्रोसेसर किती कोअरचा हवा, आणि मेमरी किती जीबी.

मी पवनीतल्या एका लहान सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल आहे. पुस्तकांना नंबर घालणं आणि माणसांना पुस्तकं शोधून देणं एवढंच मला येतं. हे रकाने भरणारा माणूस दिवाळीच्या आधी, धान कापणीला आलं होतं तेव्हा गेला. गावात सगळे त्यांना काकाजी म्हणत. मीही तेच म्हणते. यंत्र बंद झालं की त्यावर उघडी असलेली आमच्या सराव परीक्षेची सगळी पानं एका क्षणात बंद होतील. काकाजींनी चार वर्षांत एकही पान बंद होऊ दिलं नव्हतं. फॉर्म पाठवायला समोर घेते आणि तेच आठवत राहतात. म्हणून आधी हे लिहून घेते.

काकाजी फोन कधीच आधी ठेवत नसत. समोरच्याने ठेवला की मगच ते कान बाजूला करत. हे माहीत असलेली माणसं बोलणं संपताच पटकन फोन ठेवून देत, पण अनोळखी माणसांची फार पंचाईत व्हायची. एकदा सिमकार्डाचा नवा प्लॅन सांगणाऱ्या मुलीचा फोन आला. काकाजींनी सगळं ऐकून घेतलं, नको म्हणाले, आणि थांबले. तीही थांबली.

"सर, और कुछ?"

"नहीं बेटा. तुम रखो."

"सर, पहले आप रखिए."

"मैं नहीं रखता. तुम्हारा हो गया हो तो रखो."

ती मुलगी हसायला लागली. शेवटी तिने तिच्या गावचं नाव सांगितलं, आईचं गुडघ्याचं दुखणं सांगितलं आणि मग फोन ठेवला. काकाजी मला म्हणाले, "पाहाय, तिचं अर्धं बोलणं बाकीच होतं."

समोरासमोर बोलतानाही तसंच. तुम्ही काही विचारलं की ते लगेच उत्तर देत नसत. चार-पाच श्वास जात. नवीन माणसाला वाटायचं, यांना ऐकू येत नाही. आमच्या शिपायाने पहिल्याच आठवड्यात त्यांच्या कानाशी जाऊन ओरडून विचारलं होतं, "काकाजी, आयकू येते ना?" काकाजी शांतपणे म्हणाले, "येते ना बाबू. तुयं झालं का नाई, ते पाहून रायलो."

वाचनालयात टेबलावर कोणी पुस्तक उघडं टाकून गेलं, तर ते पुस्तक काकाजी मिटू देत नसत. माणूस येऊन राहिला असेल, म्हणत. एकदा एक जाड व्याकरणाचं पुस्तक चार दिवस पान एकशेबारावर उघडं पडलं होतं. वरच्या पंख्याने पान उलटू नये म्हणून काकाजींनी त्यावर स्वतःचा चष्म्याचा डबा ठेवला होता. पाचव्या दिवशी तो वाचक आला. तो तुमसरला बहिणीकडे जाऊन आला होता आणि पुस्तकाचं त्याला काहीच आठवत नव्हतं. काकाजींनी त्याला हाताला धरून टेबलापाशी नेलं आणि बसवलं. बिचाऱ्याला दोन तास व्याकरण वाचावं लागलं.

त्यांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. सुरुवात भंडाऱ्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून झाली, नंतर ते दुरुस्तीच्या कामावर गेले. निवृत्त होऊन पवनीला परतले आणि दुसऱ्या दिवसापासून वाचनालयात येऊ लागले. बायको आधीच गेलेली, मुलगी रायपूरला. आमच्याकडची कॉम्प्युटरची पुस्तकं तोवर कोणी उघडलेलीही नव्हती. काकाजींनी ती एकामागून एक वाचली, साठी उलटल्यावर प्रोग्रॅम लिहायला शिकले, आणि एक दिवस मला म्हणाले, "बाई, तू प्रश्न काढ. मी लाईन टाकतो."

त्यातून आमची रविवारची सराव परीक्षा सुरू झाली. तलाठी, पोलीस, ग्रामसेवक अशा भरत्यांची तयारी करणारी आसपासच्या गावांतली मुलंमुली रविवारी सकाळी दहा वाजता मोबाईलवर आमचं पान उघडत आणि शंभर प्रश्न सोडवत. फुकट. प्रश्न मी काढायची. आदल्या दिवशी, शनिवारी, काकाजी स्वतः तो पेपर सोडवून पाहत आणि चूक सापडली की त्याच मिनिटाला फोन करत. "बाई, सोळाव्यात गडबड हाये." मग चार-पाच श्वास थांबत, म्हणजे मी रागावले असेन तर माझं रागावणं होऊन जावं.

सुरुवातीला आमची साईट दुसऱ्यांच्या शंभर साईटींबरोबर एकाच यंत्रावर होती. मुलं वाढली तशी ती दर रविवारी दहाला कोसळू लागली. फोन यायचे, "म्याडम, नुसतं चाक फिरून रायलं." मग नोकरीला लागलेला आमचा एक जुना वाचक म्हणाला, अख्खं एक यंत्र फक्त वाचनालयासाठी घ्या, भाडं मी पाहतो. कोणतं यंत्र घ्यायचं, हे ठरवायचं काम काकाजींकडे आलं.

त्यांनी आधी तीन रविवार नुसतं मोजलं. जुनी लांबट वही घेतली आणि दोन रकाने आखले. एकावर लिहिलं हात, दुसऱ्यावर बैठक. प्रोसेसर म्हणजे काम करणारे हात. मेमरी म्हणजे आलेल्या माणसाला बसायची जागा. दर पाच मिनिटांनी ते स्क्रीन पाहून रेघा मारत. तिसऱ्या रविवारी संध्याकाळी वही माझ्यापुढे ठेवली. दहा वाजता सगळे एकदम येतात, तेव्हा दहा-बारा मिनिटं हातांची तारांबळ उडते. त्यानंतर हात दिवसभर रिकामे असतात. बैठक मात्र भरत जाते, भरत जाते, आणि संध्याकाळी फुटते. कारण आलेलं कोणी जातच नाही. एका फोनवर चार मैत्रिणी आळीपाळीने पेपर सोडवतात. कोणी अर्धा पेपर सोडवून धानाच्या रोवणीला जातं, अंधार पडल्यावर परत येऊन उरलेला सोडवतं. काकाजींच्या प्रोग्रॅममध्ये वेळेची मर्यादा नव्हती, आणि प्रत्येक माणसासाठी अख्खा पेपर वेगळा मेमरीत धरून ठेवलेला असायचा.

कंपनीच्या विक्रेत्याचा फोन स्पीकरवर होता, म्हणून तो संवाद मला जसाच्या तसा आठवतो.

"सर, सोळा कोअर घ्या आणि मेमरी सोळा जीबी. भरपूर होईल. फक्त तीस मिनिटांचा टाईमआउट टाका. जो तीस मिनिटं काही करत नाही, त्याला सिस्टीम आपोआप बाहेर काढते. सगळे असंच करतात."

काकाजी गप्प.

"हॅलो? सर? हॅलो? आवाज येतोय?"

"येऊन रायला. मी आता दहा सेकंद चूप होतो. तुमी मले बाहेर काढलं का?"

"नाही सर."

"मंग? सोळा वाढपी घेऊन मी काय करू, पंगतीले बसाले जागाच नसंन तं? सहा हात द्या. बैठक चौसष्टची द्या."

"सर, सहाशे मुलांसाठी चौसष्ट जीबी? एवढी कोणी घेत नाही."

"अन् एक सांगा. हे मेमरी आपली चूक आपण पकडते का?"

मग तो जरा वेगळ्या आवाजात म्हणाला, "सर, तशी मेमरी येते. पण फारसं कोणी विचारत नाही."

"तेच पाठवा."

फोन अर्थातच त्या विक्रेत्याला ठेवावा लागला.

बैठकीचा एवढा हट्ट कशासाठी, हे मी त्याच दुपारी विचारलं. वाचनकक्षात कोणी नव्हतं. काकाजी नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. मला वाटलं, सांगणार नाहीत. मग त्यांनी एकदाच सांगितलं, पुन्हा कधीही नाही.

ट्रंक कॉलच्या काळात लाईनी थोड्या आणि ताटकळलेली माणसं फार. ऑपरेटरने मधूनमधून कान लावून पाहायचं. बोलणं संपलं असेल तर लाईन तोडायची आणि पुढच्याला द्यायची. एका खेड्यातला म्हातारा सकाळपासून पोस्टात बसून होता. त्याचा मुलगा भिलाईला कामाला. संध्याकाळी लाईन लागली. थोडं बोलणं झालं, मग दोन्हीकडे शांतता. तरुण काकाजींनी कान लावला. मनातल्या मनात दहा मोजले. काहीच नाही. त्यांनी लाईन तोडली.

"दुसऱ्या रोजी पयल्या बसनं म्हातारा भंडाऱ्याले आला," काकाजी म्हणाले. "एक्स्चेंजच्या खिडकीपाशी उभा. मले वाटलं, आता शिव्या देते. तं हात जोडून म्हणते, 'साहेब, तुमी लाईनवर होते ना? माया पोरगा बोलता बोलता रडाले लागला होता. मंग तो पुढं काय म्हणला?'"

"मग तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं.

"त्याले वाटलं, मी आयकलं असंन. मी काय सांगू त्याले? मी तं तोडली होती." त्यांनी वही मिटली. "चूप हाये म्हणजे गेला, असं नसते बाई. हात कमी असले तं माणूस घडीभर थांबते. पण उठवून देल्लेला माणूस वापस येत नाई."

पुढे त्या म्हाताऱ्याला काय कळलं, कधी कळलं, हे काकाजींना अखेरपर्यंत कळलं नाही.

चार वर्षं ते यंत्र चाललं. रोज सकाळी वाचनालयात आल्यावर काकाजी आधी उघड्या पानांची यादी पाहत आणि मला सांगत, "आज एकशे चाळीस लाईनी जित्या हायेत." रोवणीच्या दिवसांत आकडा फार वाढायचा. बायका पान उघडं ठेवून रोपं लावायला धानाच्या बांधीत उतरलेल्या असायच्या. यंत्र एकदाही बंद करून चालू केलं नाही. कंपनीचे लोक विनंती करत, सर, सुधारणा टाकायच्या आहेत, पाच मिनिटं बंद करू द्या. काकाजी यादी पाहत आणि म्हणत, आज नाही, लोक बसले आहेत.

आमच्या वाचनालयातच अभ्यास करून पुढे गेलेली साकोलीची एक मुलगी आता नागपूरला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. सुट्टीत आली की काकाजींचा प्रोग्रॅम पाहून ती कपाळाला हात लावायची.

"काकाजी, एवढी मेमरी कायले लागते? पोरांनी उत्तर दिलं की लगेच डिस्कवर लिहून ठेवा ना. मग पान बंद झालं तरी काही बिघडत नाही. ती वापस आली की तिथूनच सुरू."

"डिस्कवर लिवलं म्हणजे फाईल झाली. फाईल म्हणजे माणूस नोहे."

"अन् लाईट गेली तं? मेमरीतलं सारं जाते. तुमचा माणूसबी जाते."

काकाजी थांबले. तीही हट्टाने थांबली. तिला त्यांची सवय माहीत होती.

"तिकडं लाईट जात नाई," ते शेवटी म्हणाले, आणि उठून पेपर वाचायला गेले. त्या मुलीचं बरोबर होतं, हे त्यांना कळलं होतं असं मला तेव्हाही वाटलं. पण काही गोष्टी कळल्या तरी माणसाला करवत नाहीत.

पत्र आल्यावर मी तिलाच फोन केला. गेल्या रविवारी ती लॅपटॉप घेऊन आली. दिवसभरात तिने प्रोग्रॅम बदलला. आता प्रत्येक उत्तर दिल्याबरोबर डिस्कवर लिहिलं जातं. जुन्या यंत्रावर त्या दिवशी तेवीस पानं उघडी होती. सराव परीक्षा काकाजी गेल्यापासून झालेली नाही. ही सगळी आधीचीच. त्यांतली उत्तरं काढून घ्यायची, की ती तशीच बंद पडू द्यायची, असं तिने विचारलं.

"त्यांनाच विचारू," मी म्हटलं.

"तेवीस जणांना फोन?"

"हो."

आम्ही दोघींनी फोन केले. बहुतेकांनी बंद करा म्हणून सांगितलं. एक पोलिसात लागला होता आणि पान उघडं आहे हेच विसरला होता. दोन मुलींची लग्नं झाली होती. त्यांतली एक म्हणाली, बंद करा, पण माझे गुण किती होते तेवढे सांगा. मग नाकाडोंगरीच्या एका बाईला फोन लागला.

"बंद नोका करू जी म्याडम!" नाव सांगितल्याबरोबर ती म्हणाली. "घरी फोन एकच हाये. मालक सकायी खाणीत घेऊन जाते, संध्याकायी आणते. आज सुटी म्हणून घरी हाये. स्वयंपाक होते, लेकरं झोपते, मंग मी चार प्रश्न करतो. कदी दोनच होते. आता बासष्ट झाले."

"किती दिवसांपासून?"

"दिवस कोण मोजते म्याडम? तुमच्या काकाजीनं सांगितलं होतं, कितीबी दिवस लागू दे, उठवत नाई. थे हायेत ना?"

मी तिला सांगितलं. ती गप्प झाली. मीही फोन ठेवला नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मंग आता?"

साकोलीची मुलगी, माझी मैत्रीण — हो, आता मैत्रीणच म्हणायला हवं — तोवर लॅपटॉपवर बोटं चालवत होती. त्या बाईची बासष्ट उत्तरं तिने नव्या प्रोग्रॅममध्ये उतरवली, मग तो प्रोग्रॅम ज्यावर चालत होता तो लॅपटॉप पूर्ण बंद करून पुन्हा चालू केला, आणि मला खूण केली. मी त्या बाईला पान पुन्हा उघडायला सांगितलं.

"हाव, उघडलं. त्रेसष्टावाच प्रश्न हाये म्याडम."

मी डोळे मिटून बसले. काकाजींनी चार वर्षं चौसष्ट जीबीत जे सांभाळलं, ते आता एका छोट्या फाईलमध्ये सुखरूप होतं; लाईट गेली तरीही. बैठक मोठी लागते हा त्यांचा हिशेब चुकीचा होता. माणसाला उठवायचं नाही हा नव्हता. मी पेन घेतलं आणि मैत्रीण सांगेल तसा फॉर्म भरला. कोअर आठ. मेमरी सोळा जीबी. त्याखालच्या, आपली चूक आपण पकडणाऱ्या मेमरीच्या चौकटीत बरोबरची खूण केली; ते तिने न सांगताच मी केलं.

"म्याडम, एकच उरला," यादी पाहत साकोलीची मुलगी म्हणाली. "हा नंबर बंद सांगते."

मी स्क्रीनकडे पाहिलं. नंबर काकाजींचा होता. तिला तो पाठ नव्हता, मला होता.

शेवटच्या शनिवारी, दवाखान्यात जाण्याआधी, त्यांनी नेहमीप्रमाणे माझा पेपर सोडवायला घेतला होता. बेचाळीस उत्तरं दिलेली होती. त्रेचाळिसाव्यावर ते थांबले होते. त्या दिवशी फोन आला नाही म्हणून मी समजून चालले होते की पेपरात चूक नाही. दुसऱ्या दिवशी तो तसाच मुलांना दिला, आणि त्याच संध्याकाळी ते गेल्याची बातमी आली.

मी तो प्रश्न उघडला. खालीलपैकी कोणतं गाव वैनगंगेच्या काठी आहे? साकोली, लाखनी, पवनी, भंडारा. उत्तर म्हणून मी पवनी धरलं होतं.

मी तो दोनदा वाचला. मग मला हसू आलं, आणि हसता हसता मी टेबलावर डोकं ठेवलं. जन्मभर पवनीत राहिलेल्या बाईला नदी म्हटलं की आपलाच घाट दिसतो. भंडारा त्याच नदीवर आहे हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. ज्या मुलांनी भंडारा लिहिलं होतं, त्या सगळ्यांचा गुण मी कापला होता. एकानेही फोन केला नव्हता. खुद्द भंडाऱ्याच्या मुलांनीही नाही.

ज्या माणसाची अर्धी नोकरी भंडाऱ्याला गेली, तो या प्रश्नावर काय करणार? दोनपैकी एकावर खूण करून मला वाचवणं त्यांना जमलं नसतं. त्यांना मला सांगायचं होतं, आणि सांगण्याइतका वेळ राहिला नव्हता.

मी भंडाऱ्याच्या जागी दुसरं गाव घातलं. ज्यांचे गुण कापले होते, त्या सगळ्यांना परत दिले. ती मुलगी मान खाली घालून काम करत होती. सगळं झाल्यावर तिने हळूच विचारलं,

"हे पान नव्या मशीनवर घेऊन जाऊ?"

"घेऊन जा."

"जागा काहीच लागत नाही. पण नव्या प्रोग्रॅममध्ये एक तारीख टाकावी लागते म्याडम. किती दिवसांनी काढायचं?"

"तारीख नको टाकू," मी म्हटलं. "त्यांनी त्रेचाळिसाव्याचं उत्तर दिलं की काढ."